गुंडूचा काटा आणि म्हैसूरचं विमान

गडमुडशिंगीत उतरून केरबा पैलवान म्हणून कुणालाबी इचारा, घरापतूर आणून सोडतील. पर ह्ये माझ्यावर न्हाय. माझ्यावर लिवायला बसलो तर एक वही पुरायची न्हाय. ह्ये माझ्या धाकट्या भावावर हाय, गुंडूवर. तेच्यावर आजपतूर कुणी दोन ओळी लिवल्या न्हाईत, आणि लिवण्यासारखं त्यो कायबी करतबी नव्हता. मग ह्या मार्चमधी त्यो विमानात बसून म्हैसूरला सुट्टीला जाऊन आला. तिकीट काढून कुणीबी बसतंय त्या मोठ्या विमानात न्हवं. खाजगी, चार सीटचं, म्होरं पंखा फिरतोय तसलं. आमच्या घरात पयला विमानात कोण बसला, तर गुंडू. ह्ये लिवताना माझा हात जड हुतोय, पर खरं ते खरं.

आमच्या घरात पयलं जे काय झालं ते माझ्यापासनं. पयली मोटारसायकल मी आणली. पयला फेटा मी बांधून घेतला, त्योबी कुस्ती मारून. मुंबई पयली मी बगितली, म्हशीचं दूध काढायचं मशीन आमच्या गल्लीत पयलं माझ्या गोठ्यात आलं. शाळा माझी सातवीपतूर, म्होरं वडलांनी मंगळवार पेठेत तालमीत टाकलं आणि तिथनं पंधरा वर्सं माती अंगाला. गुंडू माझ्यापेक्षा आठ वर्सांनी धाकटा. बारावी झाला, पर अंगात जीव न्हाय. अठ्ठावन्न किलो. लगीन झालं तवाबी अठ्ठावन्न, आताबी अठ्ठावन्न. वर्षाराणीनं, म्हणजे तेच्या बायकोनं, तूप घालून घालून बगितलं. तूप गेलं कुठं कुणाला म्हाईत न्हाय.

गुंडू वजनकाट्यावर हाय. आमच्या गावाकडनं हायवेला निघालं की डाव्या अंगाला जमिनीत लोखंडी फळी बसवलीय, ट्रक तेच्यावर चढतो, आणि आत खोलीत गुंडू आकडा बगतो. खोलीच्या भायेर पोत्यांसाठी जुना काटा हाय, दांडीचा. दांडीवर वजन सरकवायचं, दांडी सरळ झाली की वजन झालं. एकोणीस वर्सं त्यो हेच करतोय. आणि तेची एक पद्धत हाय. आकडा दिसला की मोठ्यानं म्हणायचा, ट्रकवाल्याला, मालवाल्याला, चहा पीत बसलेल्याला सगळ्यास्नी ऐकू जाईल असा. मगच पावती. एरवी गुंडूचा आवाज शेजारच्या माणसाला ऐकू येत न्हाय, पर काट्यावर आकडा म्हणताना घंटा वाजल्यागत. एकदा एका फाउंड्रीच्या ट्रकचा ड्रायव्हर तेला हळूच म्हणला, जरा कमी सांग की. गुंडूनं त्योच आकडा परत म्हणला, पयल्यापेक्षा मोठ्यानं.

तेला नजरेनंबी वजन कळतं. बैल बगितला की सांगतो. लग्नात जेवायला बसलेली पंगत बगून शेजारी बसलेल्याच्या कानात सांगतो, ह्यो पंच्याऐंशी, त्यो बहात्तर. मला मात्र तेनं कधी माझं वजन सांगितलं न्हाय. मीबी इचारलं न्हाय.

आता उदयसिंहाचं. मघाचा ट्रक ज्या फाउंड्रीचा, ती तेचीच. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हाय. तेच्या वडलांनी तेला लहानपणी तालमीत माझ्या हाताखाली धाडलतं. काटकीगत पोरगं, मी तेला जोर-बैठका शिकिवल्या, दूध पाजलं, रडला की एक ठेवून दिली. तवा त्यो म्हणायचा, पैलवान, मी मोठा झालो की विमान घीन आणि पयलं तुमाला बसवीन. मी म्हणायचो, आधी पन्नास बैठका काढ. पर पोरगं शब्दाचं पक्कं. फाउंड्री वाढिवली, विमान चालवायचं शिकला, लायसन काढलं आणि विश्वजित म्हणून तेचा दोस्त हाय तेच्या भागीत ह्ये चार सीटचं विमान घेतलं. आणि फेब्रुवारीत मला फोन केला.

माझे कान कुस्तीत मोडलेत, तवापासनं फोन मी स्पीकरवर ठेवतो. त्या येळी मी चौकात चहाच्या गाड्यावर हुतो. माझ्याबरोबर कुतुबुद्दीन, आमचा शेजारी, टेम्पो हाय तेचा, आणि आणखी चार जण.

उदयसिंह म्हणला, "पैलवान, शब्द दिलता, आता पाळतो. मी आणि विश्वजित म्हैसूरला चाललोय चार दिवस फिरायला. एक सीट तुमची. फकस्त वजन सांगा."

मी म्हणलं, "सव्वाशे."

आता ह्ये समजून घ्या. तालमीत वजन इचारलं की कुणी खरं सांगत न्हाय. खऱ्यात दहा-पंधरा घालून सांगायचं, म्हणजे समोरच्याच्या पोटात आदल्या दिवशीच गोळा येतो. ह्येला आमी खोटं म्हणत न्हाय. माझ्या भरातल्या दिवसात मी एकशे बारा हुतो आणि सव्वाशे सांगायचो. लोकं तेच धरून बसली, सव्वाशेचा केरबा. मग दोन वर्सांमागं शुगर निघाली. डाक्टरनी भात बंद केला, गोड बंद केलं, दुधावरबी डोळा. माझ्या घरात सहा म्हशी आणि मी साय काढलेलं दूध पितो. अंग उतरलं. पर सदरे तेच घालतो, ढगळ, आणि चालतोबी तसंच, हात जरा लांब धरून. काट्यावर मी दोन वर्सं चढलो नव्हतो. डाक्टरकडंबी म्हणायचो, राहू दे, म्हाईत हाय.

 मग उदयसिंहानं सांगितलं की बारकं विमान हाय, पेट्रोलसुद्धा मोजून भरतात, बॅगसुद्धा वजन करून घेतात, आणि ते दोघं बसल्यावर तिसरा माणूस शंभरच्या आतलाच लागतो. लई वाईट वाटतंय म्हणला. तिथंच मला म्हणता आलं असतं की बाबा, मी शंभरच्या आत हाय. पर कुतुबुद्दीन गिलास हातात धरून माझ्याकडं बगत हुता आणि बाकीचे चार तेच्या मागनं.

मग मी मोठेपणानं म्हणलं, "मग आमच्या गुंडूला न्या. अठ्ठावन्न हाय. पिशवीत घालून न्या."

सगळी हसली. मला वाटलं विषय मिटला. कारण गुंडू पेरूच्या झाडावर चढत न्हाय, हिरीत पवायला शिकला तवा सगळ्यात शेवटी उडी तेची. त्यो न्हाय म्हणंल, मग उदयसिंह परत माझ्याकडं येईल, काय तरी वाट काढील. सांजेला गुंडू काट्यावरनं आला, मी सांगितलं. तेनं हात-पाय धुतले, टॉवेलानं तोंड पुसलं आणि म्हणला, "दादा, तू म्हणतोस तर जातो."

जन्मात पयल्यांदा तेनं पटकन व्हय म्हणलं, आणि तेबी माझ्या नावावर.

ते गेले त्या सकाळी माझी बायको शालू, वर्षाराणी, गल्लीतली सगळी माळावर उभी. मी गोठ्यात हुतो. विमान आवाज करत गावावरनं गेलं, म्हशींनी माना वर केल्या. मी न्हाय केली. मी पाण्याच्या टाकीत बगितलं. टाकीत बारीक पांढरं विमान या कडंनं त्या कडंला गेलं आणि म्हैस पाणी प्यायला वाकली.

चार दिवस मी कसे काढले मला म्हाईत. वर्षाराणी मोबाईल घेऊन यायची. ह्यो बगा राजवाडा. ह्ये बगा खालनं ढग. ढगाच्या वर गुंडू, कानावर ते मोठं फोन लावलेलं, तोंड असं की कुणी तरी तेची पावती हरवलीय. मी म्हणायचो, बरं हाय. शालू म्हणायची, अवो नीट बगा तरी. मी म्हणायचो, बगितलं. बगितलं हुतंच, ती यायच्या आधी दोनदा. चौकात कुणी इचारलं की मी सांगायचो, मीच धाडलाय तेला, माझं वजन जास्त म्हणून. लोकं म्हणायची, खरं हाय पैलवान. आणि मला आतनं आग लागायची, कारण ती खरंच धरत हुती.

सोमवारी चारला ते परत यायचे हुते. स्वागत करायचं तर थोरल्या भावानंच केलं पायजे, न्हायतर लोकं म्हणतील जळला. जळलो हुतोच, पर लोकांनी म्हणायचं काय कारण न्हाय. मी कुतुबुद्दीनचा टेम्पो सांगितला, हार आणला, हलगीवाला आणला. उजळाईवाडीला विमानतळाच्या गेटवर पोलिसानं हलगी बंद करायला लावली. मग आमी वीस-एक माणसं गप उभी, हलगी काखेत.

गुंडू भायेर आला. तीच पँट, त्योच शर्ट, हातात वर्षाराणीनं दिलेली तीच पिशवी. उनानं नाक तेवढं लाल. मला वाटलं बदललेला असंल, कायतरी चाल आली असंल. कायबी न्हाय. मी हार घातला, तेनं वाकून पाय धरलं, लोकांनी टाळ्या वाजिवल्या. मग सगळी इचाराया लागली, कसं वाटतंय रं वर?

गुंडू म्हणला, विमान रिकामं साडेसातशे किलोच्या आसपास. आपली उसाची ट्रॉली तेच्यापेक्षा लई जड.

अरं पर वर कसं वाटतंय?

गुंडू म्हणला, पेट्रोल जळत जातं तसं विमान हलकं हुत जातं, म्हणून उतरताना निघालं हुतं तेवढं वजन नसतंय.

एवढंच. अडीच तास जायला, अडीच तास यायला, आणि ह्ये सांगतोय. मी असतो तर महिनाभर गावाला जेवणाची शुद्ध राहू दिली नसती. ज्येला तोंड हाय तेला विमान न्हाय, ज्येला विमान मिळालं त्यो पेट्रोलचं वजन सांगतोय. हेच मला सगळ्यात जास्त लागलं बगा.

मग तेनं पिशवीतनं एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हैसूरात जुन्या तालमी हाईत. उदयसिंहाला सांगून त्यो एका तालमीत गेलता, तिथल्या वस्तादाला आपल्या भावाचं नाव सांगितलं आणि कुस्तीच्या हौद्यातली मूठभर माती मागून आणली. उदयसिंह मला म्हणला की परत येताना बॅगांचं वजन जरा जास्त भरलं, काय तरी काढा म्हणलं, तर गुंडूनं वर्षाराणीला घेतलेल्या चंदनाच्या साबणाच्या वड्या काढून ठेवल्या, माती न्हाय काढली.

मी माती कपाळाला लावली. लावायचीच असती. पर लावताना मनात हेच आलं की माती आणायलाबी ह्योच गेला.

आणि तेवढ्यात उदयसिंहानं मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे काय, सगळी मागनं आलीच. त्यो म्हणला, उद्या सकाळी मला आणि विश्वजितला बेळगावला काम हाय, जाऊन लगेच परत. एक सीट मोकळी हाय. पर परत तेच पैलवान, शंभरच्या आत. मग माझ्याकडं खालनं वर बगून म्हणला, "खरं सांगू का, तुमी मला सव्वाशे वाटत न्हाईसा. एकदा काट्यावर बगूया का? माझ्या मनातनं जाईना झालंय. शब्द तुमाला दिलता."

मी काय बोलायच्या आधीच कुतुबुद्दीन म्हणला, काटा वाटंवरच हाय की, गुंडूचाच. चला.

टेम्पो निघाला. मी म्होरं बसलो, कुतुबुद्दीनच्या शेजारी. मागं शालू, वर्षाराणी आणि बाकीची लोकं हौद्यात उभी, आता हलगी वाजत हुती. मला सुटायला जागा नव्हती. चढलो काट्यावर आणि आकडा निघाला तर सव्वाशेचा केरबा मेला, वीस वर्सांचा, भर रस्त्यात, हलगीवर. न्हाय चढलो तर विमान गेलं, आणि जन्मभर गुंडूच्या तोंडाकडं बगत ऐकायचं की पेट्रोल जळलं की विमान हलकं हुतं.

काट्यावर पोचलो. दोन ट्रक उभे हुते, ते ड्रायव्हरबी उतरून आले. सुट्टीवरनं आलेला गुंडू आत गेला, खांद्यावरची पिशवी खुंटीला लावली आणि दांडीच्या काट्याजवळ येऊन उभा ऱ्हायला, रोजच्यागत. मी चप्पल काढली आणि चढलो. मातीची पुरचुंडी खिशात हुती, ती काढून शालूच्या हातात दिली. तेवढंबी वजन जास्त नको वाटलं. बगा माणूस कसा असतो.

त्या काट्याची दांडी वजन करणाऱ्याकडंच तोंड करून हाय. आकडा फकस्त गुंडूला दिसतो आणि वर उभ्या असलेल्याला, वाकून बगितलं तर. लोकं पाच फुटावर. गुंडूनं वजन सरकवलं. नव्वदावर आणलं, मग बारक्या वजनाला बोट लावलं, एक, दोन, तीन. दांडी सरळ झाली. त्र्याण्णव.

त्यो दांडीकडं बगत ऱ्हायला. एकोणीस वर्सांत दांडी सरळ झाल्यावर आकडा म्हणायला तेनं कधी श्वास घेण्याएवढा येळ लावला नसंल.  मग तेनं मान वर केली, माझ्याकडं बगितलं, आणि तेचा हात परत मोठ्या वजनाकडं गेला. त्यो ते हळूहळू म्होरं सारत हुता. शंभर. एकशे दहा. दांडी खाली पडली तरी तेनं बोटानं उचलून धरली. मला कळलं त्यो काय म्हणणार हाय.

आणि मला तवाच कळलं की तेला पयल्यापासनं म्हाईत हुतं. बैलाचं वजन बगून सांगणारा माणूस, तेच्या घरातल्या माणसाचं तेला कळणार न्हाय व्हय? दोन वर्सं मी ढगळ सदरे घालून हिंडत हुतो, आणि त्यो माझ्या शेजारी बसून जेवत हुता, गप.

आता तुमास्नी वाटंल की माझं मन भरून आलं. आलं असंल, पर पयलं आलं ते दुसरंच. मला आला राग. विमान तेचं, ढग तेचे, म्हैसूर तेचं, मातीबी तेनंच आणली. आणि आता भावापायी एकोणीस वर्सांचा शब्दबी ह्योच मोडणार आणि त्योबी मोठेपणा ह्योच घेऊन जाणार. मग माझ्यासाठी काय ऱ्हायलं? थोरला मी हाय.

मी म्हणलं, "गुंड्या, बोट काढ दांडीवरनं."

त्यो हळूच म्हणला, "दादा, ऱ्हाऊ दे."

"बोट काढ. आणि वजन माघारी आण, हुतं तिथं."

तेनं आणलं. दांडी सरळ झाली.

"आता म्हण. रोज म्हणतोस तसं म्हण."

गुंडू दांडीवरची धूळ पुसाया लागला. मग मीच म्हणलं. कुस्तीत समोरच्याच्या लांगेला, म्हणजे लंगोटाला, हात घालताना आरोळी ठोकतो त्या आवाजात म्हणलं, रस्त्यापलीकडं ऐकू गेलं असंल. "त्र्याण्णव." आणि मग गुंडूबी म्हणला, माझ्या मागनं, घंटा वाजल्यागत, "त्र्याण्णव."

कोण हसलं न्हाय. मी बगत हुतो कोण हसतंय ते. कुतुबुद्दीननं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणला, आमी चौकात तुझ्यासाठी खुर्ची लोखंडी ठेवतोय रं, प्लॅस्टिकची चालली असती की. तेच्यावर हसली सगळी, मीबी हसलो, थोडंच. शालूनं पुरचुंडी परत माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणली की उद्यापासनं सदरे शिवून घ्या, माप घ्यायला दिलं न्हाईसा दोन वर्सं. उदयसिंह म्हणला, सकाळी सातला गेटवर या. हलगीवाल्यानं इचारलं, वाजवू का? मी म्हणलं, वाजव की, पैसे घेतलेस नव्हं.

दुसऱ्या दिवशी मी विमानात बसलो. मागच्या सीटवर, एकटा, पट्टा आवळून. वर कसं वाटतंय ते मी गावात पंधरा दिवस सांगितलं, अजूनबी सांगतोय, म्हणून हितं लिवत न्हाय, येऊन ऐका. बेळगावला विमानतळावर चहा घेतला आणि परत. जायला-यायला मिळून सव्वा तास. गुंडू पाच तास. म्हैसूर कुठं आणि बेळगाव कुठं, बेळगावला मी टेम्पोनंबी गेलोय. ते दुखणं अजून ऱ्हायलंच हाय, खोटं कशाला सांगू.

परत येताना विमान उतरायला खाली आलं, आमच्या गावावरनं. मी खिडकीला कपाळ लावून माझं घर हुडकत हुतो, गोठा, पत्रा, सहा म्हशी. पयला दिसला त्यो काटा. रस्त्याच्या कडंला लोखंडी फळी उनात चमकत हुती, दोन्ही अंगाला ट्रक थांबवून ठेवलेले, आणि मधी फळीवर एकटा माणूस, टॉवेल हलवत. वरनं काडीएवढा. बारावी झालेला, अठ्ठावन्न किलोचा, चालू काटा बंद करून टॉवेल हलवतोय.

मी हात हलवला. तेला दिसणार नव्हता, तरी हलवला.

सांजेला त्यो घरी आला, हात-पाय धुतले, टॉवेलानं तोंड पुसलं आणि इचारलं, "दादा, वरनं मी दिसलो का?"

मी म्हणलं, "न्हाय बा. लई उंचावरनं गेलो आमी."

त्यो बरं म्हणला आणि जेवायला बसला. मीबी शेजारी बसलो.